‘कशामुळे’ आणि ‘कशासाठी’ : जयंत नारळीकरांच्या विज्ञानविचारातील मर्यादेचा प्रश्न

१. प्रास्ताविक

डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या शीर्षकातील चार नगरे म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. जन्मगावाला त्यात स्थान नसले तरी कोल्हापूरने त्यांना आपले मानले आणि येथील महाविद्यालयांतून विज्ञानाचे दाखले देताना त्यांचे नाव हमखास घेतले जाते. खगोलशास्त्रज्ञ, विज्ञानकथाकार आणि अंधश्रद्धांचे टीकाकार या तिन्ही नात्यांनी त्यांच्यावर विपुल लेखन झाले आहे. मात्र एका प्रश्नाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्याने आयुष्यभर विश्वाच्या आरंभाचा विचार केला, त्याच्या लेखनात अस्तित्वाविषयीच्या अंतिम प्रश्नांचे काय होते?

विश्व मुळात आहेच का, जीवनाला हेतू आहे का, मरणाचा अर्थ काय, हे ते अंतिम प्रश्न होत. त्यांच्यापुढे विज्ञानाला मर्यादा आहेत असे आपण सर्वजण म्हणतो. पण या विधानाचा नेमका अर्थ काय आणि त्याच्या आधारे काय सिद्ध होते, याविषयी आपल्या वर्गांत आणि प्राध्यापक-कक्षांतही पुष्कळ गोंधळ आढळतो. नारळीकरांचे संशोधन, त्यांच्या दोन कथा आणि फलज्योतिषाची त्यांनी घेतलेली चाचणी यांच्या आधारे हा गोंधळ काही अंशी दूर करणे, आणि तसे करताना त्यांच्या भूमिकेचे सामर्थ्य व उणीव दोन्ही दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. ‘का’ या प्रश्नाचे पदर

मराठीतील ‘का’ हा शब्द फसवा आहे. त्यात ‘कशामुळे’ आणि ‘कशासाठी’ असे दोन निराळे प्रश्न दडलेले असतात. पहिला कारण विचारतो, दुसरा हेतू. आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात दरवर्षी ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या सुमारास मावळतीच्या सूर्याची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात आणि मूर्तीच्या चरणांपासून मुखाकडे चढत जातात. हा किरणोत्सव नेमक्या याच दिवसांत का होतो? मंदिर पश्चिमाभिमुख आहे आणि या दोन्ही कालखंडांत सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, दक्षिणेला सुमारे १७ अंश असते. दक्षिणायनाच्या शेवटाआधी साधारण सहा आठवडे आणि नंतर साधारण सहा आठवडे सूर्य क्षितिजावर एकाच ठिकाणी मावळतो. एखाद्या वर्षी किरणे मुखापर्यंत पोहोचत नाहीत, त्यालाही ढग, हवेतील धूळ व बाष्प, वाटेत आलेली बांधकामे अशी मोजता येणारी कारणे असतात आणि शहरातील महाविद्यालयीन अध्यापक ती मोजतही आले आहेत. हे ‘कशामुळे’चे उत्तर झाले.

मंदिराची रचना अशी कशासाठी केली, हा दुसरा प्रश्न. तो माणसांच्या हेतूविषयी आहे. स्थापत्य, शिलालेख व वाङ्मयीन पुरावे यांच्या आधारे इतिहासकार त्याचा शोध घेऊ शकतो. पुरावा अपुरा असेल तर उत्तर अपुरे राहील, परंतु प्रश्न अभ्यासाच्या कक्षेतच राहतो. त्या तीन संध्याकाळी मंडपात उभ्या असलेल्या स्त्रीला आपले जगणे उजळल्यासारखे वाटते, त्या अनुभवाचा अर्थ काय, हा तिसरा प्रश्न. सूर्याची क्रांती एक दशांश अंशाने अधिक अचूक मोजली म्हणून या प्रश्नाच्या उत्तरात भर पडत नाही. तसेच या प्रश्नाला क्रांतीच्या गणितात ढवळाढवळ करण्याचाही अधिकार नाही.

या उदाहरणावरून ‘मर्यादा’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करता येतात. एक मर्यादा ‘अद्याप’ची आहे : आज ठाऊक नाही, परंतु उद्या ठाऊक होऊ शकेल. दुसरी मर्यादा प्रकाराची आहे : प्रश्नाचे स्वरूपच असे की अधिक निरीक्षणाने त्याचे उत्तर जवळ येत नाही. पीटर मेडावर या नोबेल पारितोषिकप्राप्त जीवशास्त्रज्ञाने १९८४ साली विज्ञानाच्या मर्यादांवर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात हाच भेद केला आहे. विज्ञान ज्या प्रश्नांची उत्तरे देऊ शकते त्या क्षेत्रात त्याच्या प्रगतीला सीमा मानण्याचे कारण नाही. परंतु काही प्रश्न त्या क्षेत्रातच येत नाहीत, असा त्याचा आशय आहे. नारळीकरांचे लेखन या भेदाच्या कसोटीवर तपासणे उद्बोधक ठरते.

३. आरंभ नाकारणारे विश्व

विश्व प्रसरण पावत आहे, हे हबल यांच्या १९२९ च्या निरीक्षणांनंतर स्थिरावत गेले. प्रसरण उलट दिशेने मागे नेले तर एक आरंभक्षण मिळतो. लमेत्र या बेल्जियन शास्त्रज्ञाने १९३१ मध्ये आदिम अणूची कल्पना मांडली. तिच्या विरोधात १९४८ मध्ये हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धांत पुढे आणला. विश्व अनादी आहे, ते प्रसरण पावते, पण नवे द्रव्य सतत निर्माण होत असल्याने त्याची सरासरी घनता बदलत नाही, असे त्याचे सार आहे. ‘बिग बँग’ हे नाव हॉइल यांनीच १९४९ मध्ये बीबीसीवरील व्याख्यानात प्रतिपक्षाच्या मतासाठी वापरले आणि ते रूढ झाले.

केंब्रिजला हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या नारळीकरांनी या सिद्धांताला गणिती बळ दिले. त्यांचा महास्फोटावरील आक्षेप समजून घेणे अगत्याचे आहे. आरंभक्षणी समीकरणेच कोलमडतात, घनता अनंत होते आणि सर्व द्रव्य एकाएकी अवतरते. विज्ञानाने ज्याचा अभ्यास करायचा तीच घटना अशा रीतीने नियमांच्या पलीकडे ठेवली जाते, हे त्यांना मान्य नव्हते. द्रव्यनिर्मितीसाठी ऋण ऊर्जेचे एक क्षेत्र मानले, तर ऊर्जेच्या अक्षय्यतेला धक्का न लावता निर्मितीही भौतिकशास्त्राच्या कक्षेत येते, असा त्यांचा प्रयत्न होता. कोणतीही घटना आधीच प्रश्नांच्या आवाक्याबाहेर ठेवू नये, या वैज्ञानिक वृत्तीचा तो उत्तम नमुना आहे.

निरीक्षणांचा कौल मात्र वेगळा पडला. पेन्झियस व विल्सन यांच्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाच्या शोधाची वार्ता १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मूळ स्थिर स्थिती सिद्धांत मागे पडला. १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी त्याची सुधारित आवृत्ती मांडली. तिच्यात अनादी विश्व दीर्घ आवर्तनांतून आकुंचन-प्रसरण पावत जाते आणि लहान लहान निर्मितिकेंद्रांतून द्रव्य उत्पन्न होते. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. पार्श्वप्रारणातील सूक्ष्म चढउतार आणि हलक्या मूलद्रव्यांचे प्रमाण यांचा उलगडा महास्फोटाच्या चौकटीत अधिक चांगला होतो आणि त्या चौकटीत विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे येते. नारळीकर अखेरपर्यंत अल्पमतात राहिले. तरीही त्यांनी वाद समीकरणांच्या आणि निरीक्षणांच्या भाषेतच चालविला, हे नमूद केले पाहिजे.

या वादाचा अंतिम प्रश्नांशी संबंध येथे येतो. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी महास्फोटाच्या कल्पनेत जगन्निर्मितीच्या धर्मवचनाला दुजोरा पाहिला. लमेत्र स्वतः धर्मगुरू होते, पण त्यांना ही जोडणी रुचली नाही. भौतिकशास्त्रातील सिद्धांताला धर्माचा आधार किंवा विरोध मानू नये, असे त्यांचे मत होते. उलट बाजूने अनादी विश्वात निर्मात्याला कामच उरत नाही, म्हणून स्थिर स्थिती सिद्धांत काहींना सोयीचा वाटला. दोन्ही पक्षांची चूक एकच होती. उद्याच्या निरीक्षणाने बदलू शकेल अशा प्रतिमानावर त्यांनी अंतिम प्रश्नाचे उत्तर टांगले होते.

वस्तुतः आरंभ आहे की नाही, याने ‘मुळात काहीतरी आहे ते का?’ हा प्रश्न सुटत नाही. विश्वाला आरंभ असेल, तर तो का झाला असे विचारता येते. विश्व अनादी असेल, तर अनादी काळापासून असे विश्व असण्याऐवजी काहीच का नाही, असे विचारता येते. नारळीकरांचे ऋण ऊर्जेचे क्षेत्र घेतले तरी ते क्षेत्र आणि त्याचे नियम गृहीतच धरावे लागतात. अलीकडे क्वांटम निर्वातातून विश्व उद्भवल्याची मांडणी झाली. लॉरेन्स क्राउस यांच्या २०१२ च्या पुस्तकाने ती गाजविली. तिच्यावरचा आक्षेपही हाच होता : ज्याला क्षेत्र आहे, नियम आहेत, चंचलता आहे, ते निर्वात असेल, पण ते ‘काहीच नसणे’ नव्हे. येथे प्रत्येक पायरीवर ‘कशामुळे’चे उत्तर मिळत जाते आणि मूळचा प्रश्न एक पायरी मागे सरकतो.

आपल्या परिसरातील विचारपरंपरा याला आणखी एक दाखला पुरविते. दक्षिण महाराष्ट्रात ज्याचा मोठा अनुयायी वर्ग आहे तो जैन विचार लोकाला अनादी-अनंत मानतो आणि जगत्कर्ता नाकारतो. तरीही बंध, मोक्ष, जीवनाचे प्रयोजन हे प्रश्न त्या विचाराच्या केंद्रस्थानी आहेत. म्हणजे अर्थाचा प्रश्न आरंभाच्या प्रश्नावर अवलंबून नाही. जगाला आरंभ आहे व नाही अशा दोन्ही पक्षांचे युक्तिवाद कान्टने १७८१ मध्ये समोरासमोर ठेवून, समग्र विश्व ही आपल्या अनुभवाची वस्तूच होत नाही असे म्हटले होते. खगोलशास्त्राने त्यानंतर प्रचंड मजल मारली. आरंभाविषयी आता मोजमापाने बोलता येते आणि त्या मर्यादेपर्यंत कान्टला दुरुस्त करावे लागते. ‘समग्र असणे का’ या भागापुरते त्याचे म्हणणे अजून उभे आहे.

४. प्रश्नाचे स्थलांतर : जीवसृष्टीचा उगम

हीच रचना नारळीकरांच्या दुसऱ्या एका संशोधनात दिसते. पृथ्वीवरील जीवसृष्टीचे बीज अंतराळातून आले असावे, ही हॉइल व विक्रमसिंघे यांची कल्पना तपासण्यासाठी त्यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये हैदराबादहून फुग्याच्या साहाय्याने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करण्यात आले. २००५ मध्ये पुन्हा असा प्रयोग झाला आणि त्यातून जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती आढळल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. त्यांपैकी एकीला हॉइल यांचे नाव देण्यात आले. हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असे या प्रयोगातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट करण्यात आले. या संयमाची नोंद घेण्यासारखी आहे.

उद्या ही कल्पना सिद्ध झाली तरी जीवनाचा उगम कळला असे होणार नाही. तो पृथ्वीवरून अन्यत्र हलेल इतकेच. अर्थात हा प्रश्न ‘अद्याप’च्या मर्यादेत आहे. निर्जीव रसायनांतून सजीव कसे घडले, याचे उत्तर विज्ञान एके दिवशी देऊ शकेल. ते दिल्यावरही ‘या जीवनाचे करायचे काय?’ हा प्रश्न मात्र आज आहे तेथेच असेल. जीवशास्त्राच्या अध्यापकाने हे दोन प्रश्न एकाच तासाला भेसळ करून शिकविले, तर विद्यार्थ्याचे दोन्हीकडून नुकसान होते.

५. मर्यादा म्हणजे मुभा नव्हे

विज्ञानाच्या मर्यादेचा सर्वांत मोठा गैरवापर येथून सुरू होतो. ‘विज्ञानाला सर्व काही कळत नाही’ या खऱ्या विधानावरून ‘म्हणून आमचा दावा खरा असू शकतो’ असे अनुमान काढले जाते. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याची योजना आखली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्या शास्त्रज्ञांत नारळीकर होते. त्या निर्णयाला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळले. न्यायालयापुढे प्रश्न अभ्यासक्रमाच्या वैधतेचा होता. भाकिते खरी ठरतात का, हा प्रश्न वेगळा होता आणि त्यासाठी चाचणीच हवी होती.

ती चाचणी नारळीकरांनी सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह २००८ मध्ये महाराष्ट्रात घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या १०० अशा एकूण २०० कुंडल्या जमविण्यात आल्या. सहभागी ज्योतिषाने त्याला मिळालेल्या ४० कुंडल्यांतून कोणती कोणत्या गटातील हे ओळखायचे होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. त्यांच्या अचूकतेची सरासरी ४६ टक्के भरली. नाणे उडवून ठरविले असते तरी सुमारे ५० टक्के उत्तरे बरोबर आली असती.

या चाचणीचे महत्त्व आकड्यापेक्षा तिच्या तर्कात आहे. फलज्योतिष हे अंतिम प्रश्नांच्या प्रांतातले नाही. ते जगातील घटनांविषयी विधाने करते आणि म्हणून ती विधाने तपासण्याचा विज्ञानाला पूर्ण अधिकार आहे. मर्यादा सांगून तेथे विज्ञानाला अडविणे म्हणजे आपल्या दाव्याला परीक्षेतून सूट मागणे होय. याउलट जी श्रद्धा घटनांविषयी दावाच करीत नाही, तिच्यावर अशी चाचणी लावण्यात अर्थ नाही. दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करताना देवाधर्माबाबत तटस्थता आणि शोषण करणाऱ्या दाव्यांना विरोध ही भूमिका घेतली, ती याच रेषेवर उभी होती. २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदाही विश्वासाला हात न लावता अघोरी कृतींना आणि फसवणुकीला शिक्षा सांगतो. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. विवेकवादी लेखक व कार्यकर्ते गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडण्यात आल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. ही रेषा कोठे ओढायची हा केवळ पंडिती वाद नाही, हे या शहराला वेगळे सांगण्याची गरज नाही.

६. दोन कथा आणि एक उणीव

नारळीकरांच्या विज्ञानकथांत हा विषय वेगळ्या वाटेने येतो. ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू शास्त्रज्ञांच्या योजनेने टळतो, पण घरातील श्रद्धाळू मंडळींना ते शांतियज्ञाचे फळ वाटते. येथे दोन्ही बाजू ‘कशामुळे’ याच प्रश्नाला उत्तर देत आहेत. म्हणून लेखकाचा कल विज्ञानाकडे असणे रास्त आहे आणि कथेतील उपरोधही योग्य जागी पडतो.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा अधिक गुंतागुंतीची आहे. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत १७६१ मध्ये मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या एका पर्यायी जगात जाऊन येतात. त्यांचा भौतिकशास्त्रज्ञ मित्र क्वांटम सिद्धांतातील अनिश्चिततेच्या आधारे ते कसे घडले असावे हे सांगतो. ‘पण हे माझ्याच बाबतीत का?’ असे पंत विचारतात, तेव्हा विज्ञानातील अनेक न सुटलेल्या प्रश्नांपैकी हा एक असल्याची कबुली देऊन तो एक तर्क मांडतो.

प्रस्तुत लेखकाच्या मते नारळीकरांच्या विचाराचे सामर्थ्य आणि उणीव या एका संवादात एकत्र दिसतात. अज्ञानाची प्रांजळ कबुली हे सामर्थ्य होय. उणीव अशी की ‘माझ्याच बाबतीत का?’ हा प्रश्नही ते ‘अद्याप’च्या खान्यात टाकतात. २०२०-२१ च्या महासाथीत आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरांत हाच प्रश्न विचारला गेला. विषाणूचा प्रसार, फुप्फुसाची हानी, प्राणवायूची पातळी ही सर्व कारणे माहीत असलेल्या मुलानेही ‘माझेच वडील का?’ असे विचारले. त्याला माहिती कमी पडली नव्हती आणि पुढील संशोधनानेही त्याचे समाधान झाले नसते. नारळीकरांच्या मराठी लेखनात अंधश्रद्धेतून विज्ञानाकडे नेणारी वाट रुंद आणि उजळ आहे. विज्ञान समजल्यानंतरही उरणाऱ्या प्रश्नांसाठी मात्र तेथे जागा फार थोडी आहे. त्या रिकाम्या जागेत मग बुवा-बाबा शिरतात, ही गोष्ट विज्ञानप्रसारकांनी गंभीरपणे घ्यावयास हवी.

यावर एक वजनदार आक्षेप संभवतो. ज्या प्रश्नाच्या उत्तराची सत्यता तपासण्याची रीतच नाही तो प्रश्न निरर्थक होय, असे तार्किक प्रत्यक्षार्थवादी म्हणतात. मराठीत ही परंपरा प्रा. दि. य. देशपांडे यांनी समर्थपणे आणली आणि १९९० मध्ये सुरू केलेल्या, पुढे ‘आजचा सुधारक’ या नावाने ओळखल्या गेलेल्या मासिकातून विवेकवादाची मांडणी केली. ‘समग्र विश्व कशासाठी?’ या प्रश्नाची रचना सदोष असू शकते, हे मान्य करावे लागेल. हेतू हा कोणाचा तरी असतो, आणि तो कोणीतरी आहे हे गृहीत धरूनच हा प्रश्न विचारला जातो. परंतु प्रश्नाची रचना सदोष आहे हे दाखविणे हेही तत्त्वचिंतनाचेच कार्य आहे. कोणत्याही दुर्बिणीने ते केलेले नाही. शिवाय शोकाकुल माणसाचा प्रश्न निरर्थक ठरविल्याने त्याची निकड संपत नाही. त्याला साहित्य, तत्त्वज्ञान, स्नेह आणि काहींच्या बाबतीत धर्म यांची साथ लागते. त्यांच्याकडून मिळते ते सिद्ध झालेले ज्ञान नव्हे, हे त्यांनीही विसरता कामा नये.

७. समारोप

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त सृष्टीच्या उगमाविषयी प्रश्न विचारीत जाते आणि परम व्योमातून पाहणाऱ्यालाही कदाचित उत्तर ठाऊक नसेल, या शंकेशी थांबते. त्यात आधुनिक विज्ञान शोधणाऱ्यांनी या शंकेकडे दुर्लक्ष केले आहे. तेथे उत्तराचा दावा नाही, हेच त्या सूक्ताचे मोठेपण आहे आणि नारळीकरांच्या प्रांजळ कबुलीशी त्याचे नाते जुळते.

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, जगात काय घडते आणि कशामुळे घडते याविषयीचे प्रत्येक विधान, ते कोणत्याही ग्रंथातले वा कोणाच्याही मुखातले असो, विज्ञानाच्या परीक्षेस पात्र आहे. दुसरी, असण्याचा अर्थ काय आणि जगावे कशासाठी, हे प्रश्न त्या परीक्षेने सुटत नाहीत आणि विश्वाचे कोणतेही प्रतिमान, महास्फोटाचे असो वा अनादी विश्वाचे, त्यांचे उत्तर देत नाही. तिसरी, दुसरी गोष्ट मान्य केल्याने पहिलीतून कोणालाही सूट मिळत नाही.

आपल्या महाविद्यालयांत विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्या इमारती बहुधा वेगळ्या असतात. मात्र ‘माझेच वडील का?’ असे विचारणारा विद्यार्थी दोन्हीकडे असतो. त्याच्या प्रश्नातील ‘कशामुळे’ आणि ‘कशासाठी’ वेगळे करून दाखविणे आणि दुसऱ्यासाठी पहिल्याचे खोटे उत्तर न देणे, एवढे तरी दोन्ही इमारतींतील अध्यापकांना करता येण्यासारखे आहे. नारळीकरांनी यातील अर्धे काम आयुष्यभर निष्ठेने केले. उरलेले अर्धे आपल्याकडे आले आहे.